काळा कोट आणि पांढरा झगा : शस्त्रवैद्यांच्या पोशाखातील एक स्थित्यंतर

१. प्रास्ताविक

अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी टॉमस ईकिन्स ह्या चित्रकाराने चौदा वर्षांच्या अंतराने दोन भव्य तैलचित्रे रंगविली. दोहोंचा विषय एकच आहे. विद्यार्थ्यांनी भरलेल्या व्याख्यानगृहात एक नामांकित शस्त्रवैद्य शस्त्रक्रिया करीत आहे आणि ती करता करता शिकवीत आहे. पहिले चित्र १८७५ चे असून त्यात जेफर्सन मेडिकल कॉलेजचे प्राध्यापक सॅम्युएल ग्रॉस दिसतात. दुसरे १८८९ चे असून त्यात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे प्राध्यापक डेव्हिड हेज ॲग्न्यू आहेत. पहिल्या चित्रात ग्रॉस आणि त्यांचे सहायक काळ्या रंगाचे लांब कोट घालून उभे आहेत. ग्रॉस यांच्या हाती शस्त्र आहे, बोटे रक्ताने माखली आहेत, आणि अंगावर मात्र मेजवानीस किंवा प्रार्थनामंदिरात जाताना शोभेल असाच पेहराव आहे. दुसऱ्या चित्रात ॲग्न्यू आणि त्यांचे सहायक नखशिखांत पांढऱ्या झग्यांत आहेत, आणि त्यांच्या शेजारी पांढरी टोपी व एप्रन परिधान केलेली एक परिचारिका उभी आहे.

ह्या दोन चित्रांवरून वैद्यकाच्या प्रगतीचा एक सुबोध इतिहास सांगण्याची प्रथा पडली आहे. १८७५ मध्ये जंतूंचे ज्ञान नव्हते म्हणून कोट काळा होता, १८८९ मध्ये ते ज्ञान आले म्हणून झगा पांढरा झाला, असा तो इतिहास होय. प्रस्तुत लेखाचा हेतू हा इतिहास तपासून पाहण्याचा आहे. कालानुक्रमाची बारकाईने छाननी केली असता असे दिसून येते की, ज्ञान आले आणि त्यामागोमाग पोशाख बदलला असे घडलेले नाही. दोहोंमध्ये वीस वर्षांहून अधिक अंतर पडले आहे. हे अंतर का पडले आणि अखेरीस ते कशामुळे मिटले, ह्याचा विचार येथे करावयाचा आहे.

२. काळ्या कोटाची प्रतिष्ठा

वैद्याने स्वच्छ असावे ही शिकवण फार प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, व्यवसायास आरंभ करणाऱ्या वैद्याने नखे व केस कापलेले ठेवावेत, शुचिर्भूत असावे, शुभ्र वस्त्र नेसावे, हाती छत्री व दंड घ्यावा, पायांत पादत्राणे असावीत आणि वेष उद्धटपणाचा नसावा, असे सांगितले आहे. शारीरस्थानात प्रसूतीच्या वेळी जवळ असणाऱ्या स्त्रियांची नखे कापलेली असावीत असाही निर्देश येतो. हिपॉक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रंथसंग्रहातही वैद्याने शरीर स्वच्छ व वस्त्रे नीटनेटकी ठेवावीत असा उपदेश आढळतो. परंतु ह्या वचनांत आधुनिक जंतुशास्त्राचे पूर्वज्ञान शोधणे हे इतिहासाच्या शिस्तीस सोडून होईल. छत्री, दंड आणि मनमिळाऊ भाषण ह्यांच्या पंक्तीत शुभ्र वस्त्र बसविले आहे, यावरून ते शिष्टाचाराचे व विश्वासार्हतेचे लक्षण होते हे स्पष्ट आहे. रुग्णाने वैद्यावर विश्वास ठेवावा हे त्याचे प्रयोजन होते.

युरोपातील काळ्या कोटाचे प्रयोजनही नेमके हेच होते. तेथे औषधवैद्य आणि शस्त्रवैद्य हे दीर्घकाळ दोन भिन्न वर्ग होते. औषधवैद्य विद्यापीठात शिकलेला, लॅटिन जाणणारा, लांब झगा घालणारा विद्वान असे. शस्त्रवैद्य हा हाताने काम करणारा कारागीर मानला जाई, आणि कित्येक ठिकाणी त्याची गणना न्हाव्यांबरोबर होई. फ्रान्समध्ये तर शस्त्रवैद्यांमध्येही लांब झग्याचे आणि आखूड झग्याचे असा भेद असून, आखूड झगा हे न्हावी-शस्त्रवैद्यांचे चिन्ह होते. लंडनमध्ये न्हावी आणि शस्त्रवैद्य ह्यांची संयुक्त संस्था १७४५ मध्ये विभागली गेली तेव्हा कोठे शस्त्रवैद्यांना स्वतंत्र प्रतिष्ठा लाभू लागली. म्हणजे एकोणिसाव्या शतकातील शस्त्रवैद्याच्या अंगावरचा काळा कोट ही साधी सवय नव्हती. आपण कारागीर नसून सभ्य गृहस्थ आहोत, ह्या शतकभराच्या झगड्याने मिळविलेल्या हक्काची ती साक्ष होती.

ह्या दृष्टीने पाहिले म्हणजे एक चमत्कारिक प्रथा समजू लागते. अनेक शस्त्रवैद्य शस्त्रक्रियेसाठी एक जुना कोट राखून ठेवीत. तो रक्त व पू ह्यांनी कडक झालेला असे, आणि तो धुण्याची आवश्यकता कोणास भासत नसे. उलट कोट जितका माखलेला तितका त्याच्या धन्याचा अनुभव मोठा असा समज होता. नवा चांगला कोट खराब होऊ नये एवढीच त्यामागची काळजी होती. पोशाखाचे रक्षण होत होते, रुग्णाचे नव्हे.

एप्रन हे वस्त्र तेव्हाही होते, पण ते खाटकाचे, न्हाव्याचे, स्वयंपाकिणीचे आणि मोलकरणीचे होते. ते अंगावर घेणे म्हणजे ज्या पायरीवरून आपण मोठ्या कष्टाने वर चढलो त्याच पायरीवर पुन्हा उतरणे होय, असे शस्त्रवैद्यास वाटल्यास नवल नाही.

३. ज्ञान आणि पोशाख ह्यांतील अंतर

आता ज्ञानाचा कालानुक्रम पाहू. व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात दोन प्रसूतिविभाग होते. एकात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणी शिकत. पहिल्या विभागात प्रसूतिज्वराने होणारे मृत्यू दुसऱ्यापेक्षा पुष्कळच अधिक असत. इग्नाझ सेमेलवाइस ह्या तरुण वैद्याने १८४७ मध्ये ह्याचे कारण शोधून काढले. विद्यार्थी आणि प्राध्यापक शवविच्छेदन करून थेट प्रसूतिकक्षात येत आणि शवातील विषारी द्रव्य आपल्या हातांनी स्त्रियांपर्यंत पोहोचवीत. क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती त्यांनी केली. एप्रिल १८४७ मध्ये मृत्यूचे प्रमाण शेकडा १८ च्या घरात होते, ते जूनमध्ये शेकडा २ च्या आसपास आले.

एवढा उघड पुरावा समोर असता सेमेलवाइस ह्यांना विरोध का झाला? त्यांची प्रतिपादनाची पद्धत, व्हिएन्नातील राजकारण, उपपत्तीतील उणिवा अशी अनेक कारणे सांगता येतात. परंतु मूळ कारण ह्या सर्वांच्या खाली आहे. दूषित हवा, रुग्णाची प्रकृती, ऋतुमान ह्यांपैकी कशासही दोष दिला असता तर तो सहज स्वीकारला गेला असता. सेमेलवाइस ह्यांनी दोष दिला तो वैद्याच्या हाताला. ज्या हाताने आपण बरे करतो त्याच हाताने आपण मारीत आलो, हे मान्य करणे त्या पिढीस जड गेले. त्यापूर्वी १८४३ मध्ये अमेरिकेत ऑलिव्हर वेंडेल होम्स ह्यांनी प्रसूतिज्वर वैद्य व सुईणी ह्यांच्याकडून पसरतो असे प्रतिपादन केले होते, आणि फिलाडेल्फियातीलच नामांकित प्रसूतिवैद्यांनी त्यांचा उपहास केला होता.

सेमेलवाइस १८६५ च्या ऑगस्टमध्ये निवर्तले. त्याच महिन्यात ग्लासगो येथे जोसेफ लिस्टर ह्यांनी एका मुलाच्या पायाच्या उघड्या अस्थिभंगावर कार्बॉलिक आम्लाचा यशस्वी प्रयोग केला. पाश्चर ह्यांच्या संशोधनावर आधारलेली ही जंतुनाशनाची पद्धती १८६७ मध्ये ‘लॅन्सेट’ साप्ताहिकातून प्रसिद्ध झाली. अर्थात् ग्रॉस ह्यांचे चित्र रंगविले गेले तेव्हा ती आठ वर्षांची जुनी होती. १८७६ मध्ये फिलाडेल्फियात आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषद भरली. तिचे अध्यक्ष ग्रॉस होते, आणि लिस्टर ह्यांनी तेथे स्वतः येऊन आपली पद्धती समजावून सांगितली. तरीही अमेरिकेतील अनुभवी शस्त्रवैद्यांचा तीवर फारसा विश्वास नाही, असे ग्रॉस ह्यांनी त्याच वर्षी लिहून ठेवले आहे. तेव्हा ग्रॉस ह्यांचा काळा कोट हा अज्ञानाचा पुरावा नव्हे. ऐकलेले पटले नाही, ह्याचा तो पुरावा आहे.

ह्याहूनही अधिक लक्षणीय गोष्ट अशी की, स्वतः लिस्टर ह्यांनीही आपला पोशाख बदलला नाही. ते नेहमीच्याच कपड्यांत शस्त्रक्रिया करीत. ह्यात विसंगती वाटली तरी त्यांच्या उपपत्तीच्या चौकटीत ती नाही. त्यांचा मुख्य रोख हवेतून जखमेवर पडणाऱ्या जंतूंवर होता. म्हणूनच १८७१ पासून ते शस्त्रक्रियेच्या वेळी कार्बॉलिक आम्लाचे तुषार हवेत उडवीत. शत्रू हवेत आहे आणि त्याला जखमेपाशी गाठून मारावयाचे आहे अशी धारणा असल्यावर अंगावर कोणता कोट आहे ह्यास महत्त्व उरत नाही.

ह्या विलंबाची किंमत किती मोठी होती ह्याचे उदाहरण १८८१ मध्ये सर्व अमेरिकेने पाहिले. राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफील्ड ह्यांच्यावर २ जुलै रोजी गोळी झाडण्यात आली. गोळी शोधण्यासाठी वैद्यांनी न धुतलेली बोटे व शस्त्रे जखमेत वारंवार घातली. जखम चिघळत गेली आणि १९ सप्टेंबर रोजी गारफील्ड मरण पावले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्या वैद्यमंडळात सल्लागार म्हणून ॲग्न्यू होते. आठ वर्षांनंतर पांढऱ्या झग्यात चित्रित झालेले ॲग्न्यू ते हेच.

४. झगा, हातमोजे आणि मुखपट्टी

मग १८७५ आणि १८८९ ह्यांच्या दरम्यान बदलले ते काय? बदलला तो प्रश्न. जखमेत शिरलेले जंतू कसे मारावेत हा लिस्टर ह्यांचा प्रश्न होता. जंतू जखमेपर्यंत पोहोचूच नयेत म्हणून काय करावे, हा त्यानंतरच्या जर्मन शस्त्रवैद्यांचा प्रश्न होय. पहिल्या विचारास जंतुनाशन आणि दुसऱ्यास निर्जंतुकता असे म्हणता येईल. रॉबर्ट कॉख ह्यांच्या प्रयोगशाळेने विशिष्ट जंतू आणि विशिष्ट रोग ह्यांचा संबंध सिद्ध केला, तसेच उकळते पाणी व वाफ ह्यांच्या साहाय्याने वस्तू निर्जंतुक कशा कराव्यात हेही दाखवून दिले. बर्लिन येथे एर्न्स्ट फॉन बेर्गमान ह्यांनी १८८६ च्या सुमारास वाफेने निर्जंतुक करण्याची पद्धती शस्त्रक्रियागृहात आणली. कील येथे गुस्टाव नॉयबर ह्यांनी ह्याच तत्त्वावर आपले रुग्णालय चालविले.

हवेतील जंतूंचा धोका मानला गेला होता तितका नसून खरा धोका स्पर्शाचा आहे, हे जसजसे स्पष्ट होत गेले तसतशी संशयाची दृष्टी हवेवरून उपकरणांकडे, उपकरणांवरून हातांकडे आणि हातांवरून बाहीकडे वळली. लिस्टर ह्यांनीही १८९० मध्ये तुषारांचा त्याग केला. काळा कोट वाफेच्या पेटीत घालता येत नव्हता. साधे सुती वस्त्र मात्र उकळता येते, वाफवता येते, आणि ते पांढरे असल्यास त्यावरील डाग लपत नाही. पांढऱ्या रंगाचे मूळ समर्थन एवढे व्यावहारिक आहे. पावित्र्य, करुणा इत्यादी अर्थ त्यास नंतर येऊन चिकटले.

येथे चित्राच्या साक्षीविषयी एक सावधगिरीची सूचना करणे अवश्य आहे. चित्र वस्त्राचा रंग सांगते. ते निर्जंतुक होते की नाही हे सांगत नाही. १८८९ च्या चित्रातील कोणाच्याही हातांत मोजे नाहीत, कोणाच्याही तोंडावर पट्टी नाही, आणि आसनांवर दाटीने बसलेले विद्यार्थी आपापल्या रोजच्या गडद पोशाखात आहेत. तेव्हा स्थित्यंतर पूर्ण झाल्याचे हे चित्र नसून ते अर्ध्या वाटेवर असतानाचे आहे.

हातमोज्यांचा इतिहास तर ह्या साऱ्या प्रकरणातील सर्वांत उद्बोधक भाग होय. बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॉल्स्टेड हे शस्त्रवैद्य होते. त्यांच्या शस्त्रक्रियागृहातील मुख्य परिचारिका कॅरोलाइन हॅम्प्टन ह्यांच्या हातांची त्वचा मर्क्युरिक क्लोराइडच्या द्रावणाने सोलवटू लागली. तेव्हा १८८९-९० च्या हिवाळ्यात हॉल्स्टेड ह्यांनी गुडइयर रबर कंपनीकडून त्यांच्यासाठी पातळ रबरी मोजे करवून घेतले. पुढे १८९० मध्ये ह्या दोघांचा विवाह झाला. मोजे सोयीचे वाटल्याने सहायकही ते वापरू लागले. परंतु मोजे घातल्याने रुग्णाचे रक्षण होते हा विचार त्यांपैकी कोणाच्याही मनात प्रथम नव्हता. हॉल्स्टेड ह्यांचे शिष्य जोसेफ ब्लडगुड ह्यांनी अंतर्गळाच्या शस्त्रक्रियांतील अनुभव १८९९ मध्ये प्रसिद्ध केला, आणि मोज्यांमुळे जखमा चिघळण्याचे प्रमाण घटते हे त्यातून दिसून आले. एका परिचारिकेच्या हातांसाठी केलेली वस्तू अशा रीतीने दहा वर्षांनी रुग्णाची झाली. हॉल्स्टेड ह्यांना आपल्या हे आधी लक्षात कसे आले नाही ह्याचे पुढे आश्चर्य वाटत असे.

मुखपट्टीचा उगम ह्याच दशकातील आहे. ब्रेस्लाउ (सध्याचे पोलंडमधील व्हरोत्सुआफ) येथील कार्ल फ्ल्यूगे ह्यांनी बोलताना, खोकताना तोंडातून उडणाऱ्या सूक्ष्म थेंबांत जिवंत जंतू असतात हे १८९७ मध्ये दाखविले. त्याच शहरातील शस्त्रवैद्य योहान मिकुलिच ह्यांनी त्याच वर्षी तोंडावर जाळीदार कापड बांधून शस्त्रक्रिया करण्यास आरंभ केला. पॅरिस येथे पॉल बेर्जे ह्यांनीही त्याच वर्षी मुखपट्टी वापरावयास घेतली. हात, बाही आणि शेवटी श्वास असा हा क्रम आहे. वैद्याच्या स्वतःच्या शरीराविषयीचा संशय पायरीपायरीने वाढत गेला, आणि प्रत्येक पायरीवर एकेक वस्त्र अंगावर चढले.

५. परिचारिकेचा पोशाख

ॲग्न्यू ह्यांच्या चित्रातील परिचारिका मेरी क्लायमर हिचा पोशाख मात्र निराळ्या वाटेने आलेला आहे. परिचारिकेची टोपी व एप्रन ह्यांचे मूळ जंतुशास्त्रात नाही. १६३३ मध्ये फ्रान्समध्ये स्थापन झालेल्या ‘डॉटर्स ऑफ चॅरिटी’ सारख्या सेवाव्रती भगिनीमंडळांत ते एका बाजूने सापडते. दुसऱ्या बाजूने ते घरकाम करणाऱ्या स्त्रीच्या वेषात सापडते. जर्मनीतील कायझर्सवेर्थ येथे १८३६ मध्ये थिओडोर फ्लीडनर ह्यांनी काढलेल्या सेविकासंस्थेत फ्लॉरेन्स नाइटिंगेल ह्यांनी शिक्षण घेतले. १८५४ मध्ये स्कुतारीच्या लष्करी रुग्णालयात जाताना त्यांनी आपल्या परिचारिकांना जो एकसारखा, जाडाभरडा व अनाकर्षक वेष दिला, त्याचा हेतू सैनिकांच्या गर्दीत ह्या स्त्रिया प्रतिष्ठित सेविका म्हणून ओळखल्या जाव्यात हा होता.

अर्थात् एकाच शस्त्रक्रियागृहात दोन पांढरी वस्त्रे दोन विरुद्ध दिशांनी आली. परिचारिकेच्या एप्रनने तिला आज्ञाधारकतेची व शीलाची ओळख दिली. शस्त्रवैद्याच्या झग्याने त्यास सभ्य गृहस्थाच्या वेषातून बाहेर काढून पुन्हा हाताने काम करणाऱ्याच्या वेषात आणले. हा सामाजिक उतार शास्त्राच्या अधिकाराने सुसह्य केला. प्रयोगशाळेतील संशोधकाचा कोटही त्याच सुमारास प्रतिष्ठा पावत होता, आणि त्याच्याशी साम्य असल्याने एप्रनचे कारागिरीचे लांछन पुसले गेले.

६. फिलाडेल्फियातील एक मराठी विद्यार्थिनी आणि सोवळ्याचा प्रश्न

ही दोन चित्रे रंगविली गेली त्यांच्या मधल्या काळात त्याच फिलाडेल्फिया शहरात डॉ. आनंदीबाई जोशी शिकत होत्या. १८८३ मध्ये त्यांनी वुमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया ह्या संस्थेत प्रवेश घेतला आणि ११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम्. डी. ही पदवी मिळाली. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असे त्यांनी निघण्यापूर्वी श्रीरामपूर येथील सभेत सांगितले होते, आणि वेष हा त्या प्रतिज्ञेचा एक भाग होता. तेथील कडाक्याच्या थंडीत नऊवारी नेसण्याची पद्धत सोडून पाय झाकले जातील अशा गुजराती धर्तीने साडी नेसण्याचा निर्णयदेखील त्यांना विचारपूर्वक घ्यावा लागला.

१० ऑक्टोबर १८८५ रोजी घेतलेले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात आनंदीबाई साडीत, जपानच्या केई ओकामी किमोनोत आणि दमास्कसच्या सबात इस्लामबूली आपल्या देशी वेषात बसल्या आहेत. हे छायाचित्र कौतुकाने पाहिले जाते. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र ते ईकिन्स ह्यांच्या दोन चित्रांच्या मध्ये ठेवून पाहावे. १८८५ मध्ये वैद्यकाच्या विद्यार्थिनीचा वेष तिचा देश सांगतो, तिचा व्यवसाय सांगत नाही, कारण व्यवसायाचा असा वेष अद्याप निर्माण व्हावयाचा होता. पुढील पिढीतील विद्यार्थिनींच्या अंगावर एकच पांढरा कोट आला असता देशाची ती खूण त्याखाली झाकली गेली असती.

आनंदीबाईंच्या प्रबंधाचा विषय हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता, आणि त्याच अनुषंगाने महाराष्ट्रीय वाचकाच्या मनात एक तुलना सहज उभी राहते. आपल्याकडील सोवळे हेही स्पर्शाचे शास्त्र आहे. वस्त्र धुऊन कोणाचा स्पर्श होणार नाही अशा ठिकाणी वाळत घालावयाचे, नेसल्यावर कोणास शिवावयाचे नाही, शिवल्यास पुन्हा स्नान करावयाचे, हे नियम वरवर पाहता निर्जंतुक झगा घातलेल्या शस्त्रवैद्याच्या नियमांसारखेच आहेत. त्यामुळे आमच्या पूर्वजांना निर्जंतुकता ठाऊक होती असा दावा केला जातो. तो टिकण्यासारखा नाही.

पहिली गोष्ट अशी की, सोवळ्याची शुद्धता प्रक्रियेवर नव्हे तर वस्तूच्या जातीवर अवलंबून असते. रेशमी मुकटा किंवा लोकरीची धाबळी दररोज न धुताही सोवळी राहते. वाफेच्या पेटीस असा भेद ठाऊक नाही. दुसरी गोष्ट, सोवळ्यातील विटाळ माणसाच्या जन्मावरून ठरतो, आणि जंतू जन्म पाहत नाहीत. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. सोवळ्यात दोष बाहेरून माझ्याकडे येतो, म्हणून मी इतरांपासून दूर राहतो. निर्जंतुक वस्त्रात दोष माझ्याकडून दुसऱ्याकडे जातो, म्हणून मी स्वतःला झाकून घेतो. एकात धारकाचे पावित्र्य जपावयाचे असते, तर दुसऱ्यात धारकच संशयित असतो.

ह्या भेदाचे परिणाम पुस्तकी नव्हते. सुवेराच्या दिवसांत बाळंतिणीची वस्त्रे विटाळलेली मानली जात, म्हणून तिच्यासाठी जुनी, टाकाऊ फडकी वापरण्याची रीत अनेक घरांत होती. चांगले वस्त्र वाया का घालवावे, असा त्यामागील हिशेब होता. काळा कोट खराब होऊ नये म्हणून जुना कोट वापरणारा युरोपीय शस्त्रवैद्य आणि चांगले लुगडे विटाळू नये म्हणून बाळंतिणीस चिंध्या देणारे आपले घर, हे दोन्ही एकाच जागी चुकत होते. दोन्ही ठिकाणी वस्त्र वाचविले जात होते आणि ज्या शरीरासाठी वस्त्र असावयाचे ते शरीर उघडे पडत होते.

७. रक्षण कोणाचे?

येथवरच्या विवेचनात रुग्णाचे रक्षण हा विषय होता. सेवा करणाऱ्याच्या रक्षणाचा इतिहास त्याहून जुना आणि त्याहून वाकडातिकडा आहे. सतराव्या शतकातील युरोपीय प्लेगवैद्याचा मेण लावलेला लांब झगा आणि पक्ष्याच्या चोचीसारखा मुखवटा सर्वपरिचित आहे. ह्या वेषाची कल्पना फ्रान्सच्या राजवैद्यांपैकी शार्ल द लोर्म ह्यांच्याकडे दिली जाते. चोचीत सुगंधी द्रव्ये भरलेली असत, कारण प्लेग दुर्गंधीयुक्त हवेने होतो अशी समजूत होती. ती समजूत चुकीची होती. तथापि प्लेगचे जंतू उंदरांवरील पिसवांमार्फत माणसापर्यंत येतात, हे पॉल-लुई सिमाँ ह्यांनी १८९८ मध्ये कराची येथे दाखविल्यानंतर, त्या मेणकापडी झग्याने पिसवांना काही अडथळा होत असला पाहिजे असे म्हणता येते. चोचीचे कारण चुकीचे होते, झग्याचा उपयोग मात्र वेगळ्याच कारणाने झाला असण्याचा संभव आहे.

१८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस ह्यांनी प्लेगचे निदान केले, तेव्हा सिमाँ ह्यांचा शोध लागावयाचा होता. कोणत्या वस्त्राने रक्षण होईल हे सांगणारे शास्त्र अस्तित्वात नव्हते. पुण्याजवळ आपले पुत्र डॉ. यशवंत ह्यांच्या दवाखान्यात प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करीत असता सावित्रीबाई फुले ह्यांना त्याच रोगाची बाधा झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. आजारी मुलास पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आल्याची हकीकत सांगितली जाते. रुग्णास स्पर्श करणे हाच जेथे सेवेचा अर्थ होता, तेथे त्या स्पर्शापासून वाचविणारे काहीही त्यांच्यापाशी नव्हते.

मांचुरियात १९१०-११ च्या हिवाळ्यात फुप्फुसाचा प्लेग उद्भवला आणि सुमारे ६०,००० माणसे मेली. हा प्रकार श्वासाने पसरतो हे ओळखून डॉ. वू ल्येन-तेह ह्यांनी कापूस व जाळीदार कापड ह्यांची मुखपट्टी सर्व सेवकांना बांधावयास लावली. फ्रेंच वैद्य जेराल्ड मेनी ह्यांना वू ह्यांचे मत पटले नाही. ते मुखपट्टीवाचून रुग्णांत गेले आणि थोड्याच दिवसांत प्लेगने मरण पावले. वरिष्ठ म्हणून मिळणाऱ्या मानाने रोगापासून रक्षण होत नाही, हे व्हिएन्नानंतर पुन्हा एकदा सिद्ध झाले. शस्त्रक्रियागृहात रुग्णासाठी जन्मलेली मुखपट्टी येथे रुग्ण आणि सेवक ह्या दोघांचीही झाली. २०२० च्या कोविड साथीत सर्व जगाने तिचा हा दुहेरी अर्थ अनुभवला.

८. समारोप

पांढऱ्या झग्याची पुढील कथा थोडक्यात सांगता येईल. १९१४ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील शस्त्रवैद्य हॅरी शर्मन ह्यांनी, प्रखर दिव्याखाली पांढऱ्या वस्त्राने डोळे दिपतात आणि रक्ताचा लाल रंग नीट पारखता येत नाही, असे सांगून पालकासारखा हिरवा रंग सुचविला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिरवी-निळी वस्त्रे शस्त्रक्रियागृहात रूढ झाली. पांढरा कोट शस्त्रक्रियागृहातून बाहेर पडला, पण नाहीसा झाला नाही. तो वॉर्डात आणि तपासणीकक्षात वैद्याच्या अधिकाराचे चिन्ह होऊन राहिला. जे कार्य एकेकाळी काळा कोट करीत होता तेच आता पांढरा करू लागला. आणि मग त्याच्याही बाहीकडे संशयाने पाहण्याची वेळ आली. २००७ मध्ये ब्रिटनच्या आरोग्य खात्याने रुग्णांजवळ जाणाऱ्यांनी कोपराखाली हात उघडे ठेवावेत, लांब बाह्यांचा कोट घालू नये असे धोरण जाहीर केले.

ह्यावरून निष्कर्ष असा निघतो की, वैद्यकीय पोशाखाच्या इतिहासात ज्ञानाची वाढ हे एकच कारण पुरेसे नाही. सेमेलवाइस ह्यांच्या वेळी ज्ञान होते, पण हात धुतले गेले नाहीत. लिस्टर ह्यांच्या वेळी जंतू ठाऊक होते, पण कोट उतरला नाही. पोशाख बदलला तो वैद्याने स्वतःची गणना रोगाच्या वाहकांत केल्यानंतर. ही गणना एकदा करून भागत नाही. कोणतेही वस्त्र प्रतिष्ठेचे झाले की ते पुन्हा धुतले जाईनासे होते, आणि ती गणना नव्याने करावी लागते.

महाराष्ट्रापुरता ह्या विषयाचा अभ्यास करावयाचा तर साधने जवळच आहेत. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये आणि कामा रुग्णालय १८८६ मध्ये सुरू झाले. पुण्याचे ससून रुग्णालयही एकोणिसाव्या शतकातील आहे. अशा संस्थांच्या अहवालांत वैद्यांची नावे ठळकपणे येतात. अभ्यासकाने त्याबरोबरच कापडखरेदीच्या नोंदी, धोब्यास दिलेल्या रकमा, वाफेच्या पेटीची मागणीपत्रे आणि वर्षानुवर्षांची समूहछायाचित्रे शोधावीत. कोणत्या वर्षी कोण काय बोलले ह्यापेक्षा, कोणत्या वर्षापासून रुग्णालयातील वस्त्रे नेमाने उकळली जाऊ लागली हे ज्या दिवशी आपणास सांगता येईल, त्या दिवशी ह्या प्रदेशातील रुग्णाच्या सुरक्षिततेचा खरा इतिहास लिहिण्यास आरंभ झाला असे म्हणावयास हरकत नाही.